कचेरीच्या थांब्याची तिकिटं

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. आईचं घर विकायला माझी संमती हवी, आणि ती फोनवर अंगठा टेकवून देता येते. 'ताई, तुला उंबरठासुद्धा ओलांडायला नको,' असं लिहिलंयस. माझ्या पायांची एवढी काळजी तुला! उत्तर देते, पण आधी थोडं ऐकून घे.

तुझ्या सत्काराचा फोटो पाहिला. सगळे दाखले फोनवर आणलेस, लोकांचे हेलपाटे वाचवलेस, म्हणून ढाल मिळाली. खोटं कशाला बोलू, दाखल्यांचं काम झकास झालंय. शेजारच्या शिंपिणीला लेकीचा जन्मदाखला चहा उकळेपर्यंत मिळाला. आई तर दारात येईल त्याला सांगायची, हे माझ्या पोराने केलंय.

मग तू गावची सकाळची एकुलती एक बस बंद करवलीस. बसमधली बहुतेक तिकिटं कचेरीच्या थांब्याची, आणि कचेरीत आता कुणाचं काम उरलं नाही, असा तुझा हिशेब. अरे शहाण्या, दवाखान्याला वेगळा थांबा होता कुठे? कचेरीपाशी उतरून मागच्या गल्लीने जायचं. तुझा कान फुटायचा तेव्हा आईच्या कडेवर बसून तूही तिथूनच गेलायस. चष्मेवाला, बाजार, मावशीचं घर, सगळ्यांना तोच थांबा. आई आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जायची, तीही कचेरीच्याच तिकिटावर. तुझ्या लेखी ती दाखला काढायला निघालेली बाई.

मी तुला फोन करकरून सांगितलं. तू म्हणालास, डॉक्टरही आता फोनवर भेटतात. आईला सांगितलं तर ती हसली. "मग रक्तही फोनवरच धुऊन दे म्हणावं," म्हणाली.

पुढे कधी कुणाची गाडी मिळायची, कधी नाही. एक खेप चुकली, मग लागोपाठ चुकत गेल्या. शेवटी तिला धाप लागली ती थांबलीच नाही. तू अंत्यदर्शन घेतलंस तेही फोनवर. फोन मीच तिच्या तोंडासमोर धरला होता. दुसऱ्या हाताने मी तिच्या कपाळावरचे केस सारखे करत होते आणि तू म्हणालास, "ताई, जरा स्थिर धर ना." तेव्हापासून तुझा आवाज ऐकला तरी माझं डोकं फिरतं. मी तुला माफ केलेलं नाही, करायचंही नाही.

आता घराचं. मी फोनवर अंगठा टेकवणार नाही. दोघांनी कचेरीत समक्ष हजर राहायची जुनी सोय अजून आहे, ती मी मागून घेतली. येत्या सोमवारी सकाळची वेळ मिळालीय. तू ये. फाट्यापासून पुढे कचेरीपर्यंत आता बस नाही, कुणाचं वाहन मिळतंय का बघत उभा राहा. साहेबाच्या टेबलापुढे तुझ्या शेजारी बसून मी काय ते सांगेन. नाही म्हटलं, तर तुला पुन्हा यावं लागेल. होय म्हणणार की नाही, हे आधी विचारू नकोस. घरातून निघताना आईला तरी कुठे माहीत असायचं, आज पोचणार की नाही ते?

तुझीच, अजून तरी,
ताई