रिकाम्या विमानाचं वजन

४ मार्च
रुजू झाले एकदाची! विमान कंपनीचं नोंदींचं ऑफिस म्हणजे हँगरच्या माळ्यावरची लांबट खोली, चार कपाटं, कुरकुरणारा पंखा आणि दोन खिडक्या. एकीतून खाली उभ्या विमानाची पाठ दिसते, दुसरीतून धावपट्टी. आपल्याला तर जाम आवडली. माझ्या लेकीची, ढमीची शाळा समोरच आहे. सुटली की ती माझ्याकडेच येणार. दहा वर्षांची पोर घरी एकटी ठेवणार नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं.

आमच्याकडे तीन जेट विमानं, तिन्ही एकाच घराण्यातली. धाकटं पन्नास जणांचं, मधलं सत्तरांचं, थोरलं नव्वदांचं. नाकडोळे सारखेच, नुसती अंगाने लांबत गेलीत. छोट्या छोट्या गावांच्या फेऱ्या तीच करतात.

७ मार्च
मधल्याची लॉगबुकं वाचून काढली. आमच्याआधी तीन कंपन्यांनी वापरलेलं, म्हणजे चौथ्या घरी नांदतंय बिचारं! दोनदा धावपट्टीवरून घसरलं, एकदा इंजिनात पक्षी गेले, तीन वर्षांपूर्वी तर एक इंजिन हवेतच बंद. आणि दर वेळी खाली तीच ओळ: सर्व प्रवासी सुखरूप. कुणाला साधं खरचटलेलं नाही. भांडार सांभाळणारे काका म्हणाले, याच घराण्यातली दुसरीकडची विमानं पडली, माणसं गेली, पण आपल्या मधल्याचं नाव घ्यायची कुणाची छाती नाही. जणू त्यांनीच जन्माला घातलंय.

१२ मार्च
आज मधल्याचं वजन केलं. दर चार वर्षांनी करावंच लागतं. रंगाचे थर, धूळ, दुरुस्त्या, सगळ्यामुळे विमान जड होत जातं आणि वैमानिकाला खरा आकडा हवा असतो. इंधन काढलं, वारा नको म्हणून हँगरची दारं लावली, चाकांखाली तीन काटे सरकवले.

त्याआधी एक रीत आहे. वजनाच्या पत्रकावर ज्याची सही, त्याने आधी काट्यावर उभं राहायचं, काटा चालतो का बघायला. तो आकडा पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचा. झाली की नाही पंचाईत! खाली दहा मेकॅनिक, एकजात टवाळ, आणि आज काटा मोडणार म्हणून सकाळपासून खुसुखुसु हसतायत. मी कसली चढतेय? तेवढ्यात ढमी आलीच शाळेतून. तिलाच चढवलं. एकतीस किलो. कार्टीने वर नाचूनही दाखवलं. मी कोपऱ्यात ३१ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

१३ मार्च
पत्रक फाइलला लावताना जुनी पत्रकं चाळली. विमान गेल्या वेळेपेक्षा अठ्ठावन्न किलोंनी वाढलंय. गेल्या वेळच्या पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ५८. गंमत वाटली. त्याआधीच्या पत्रकावर ७२, आणि पुढच्या वजनात वाढ बहात्तर. त्याच्याही आधी ६६, वाढ सहासष्ट.

फाइल मिटून ठेवली. डबा खाल्ला नाही.

१५ मार्च
गेल्या वेळच्या पत्रकावर सही माझ्याआधीच्या बाईंची. त्यांचं काय झालं, ते काकांना विचारलं. चांगल्या ठसठशीत होत्या म्हणाले, मग वाळायला लागल्या. इंजिन बंद पडलं त्या आठवड्यात तर वाऱ्याने उडतील अशा झाल्या होत्या. नंतर यायच्याच बंद झाल्या. कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही, काकांनीही नाही.

१९ मार्च
उतरताना मधल्याचं पुढचं चाक अडकलं. नाक घासत थांबलं. सर्व प्रवासी सुखरूप. कंपनीने केक कापला, मोठ्या इंजिनिअरसाहेबांनी छोटंसं भाषण केलं. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी ढमीचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. घरच्या काट्यावर उभी केली. पंचवीस.

२० मार्च
डॉक्टरांकडे नेलं. रक्त, छाती, पोट, सगळं ठीक. वाढीचं वय आहे, खायला घाला म्हणाले. घालतेच आहे. मागून मागून खाते. पंचवीसच.

२२ मार्च
कोपऱ्यातलं ३१ खोडून माझं ७९ लिहिलं. सुरुवातीलाच लिहायचं होतं. दहा माणसं हसली असती, आणखी काय झालं असतं?

मग इंजिनिअरसाहेबांकडे गेले. विमान पुन्हा तोला, या वेळी मी उभी राहते. ते म्हणाले, काटे भाड्याचे होते, परत गेले, आता चार वर्षांनी. मग दुरुस्त झालं तरी उडवू नका म्हटलं. कारण विचारलं. कारण सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दोन दिवस रजा घ्या म्हणाले.

२३ मार्च
काटेवाल्याकडे गेले. तोच काटा शोधून काढायला लावला, वर उभी राहिले. ७९. समोर विमान नाही, नुसती भिंत.
ढमी पंचवीस.

२६ मार्च
टायर फुटला. सर्व सुखरूप.
सतरा.
रडायला हवं होतं. येत नाही. दात काढताना गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंग झालंय.

२८ मार्च
वैमानिकाची तक्रार आली, विमान मागून जड लागतंय. उत्तर लिहिणं माझं काम. लिहिलं: तपासलं, वजन पत्रकाप्रमाणे.
सत्तर जण गेले तर जाऊ देत — असं आज मनात आलं. लाजसुद्धा वाटली नाही.

१ एप्रिल
विजेचा तडाखा. सुखरूप. केक.
नऊ.
पाठीवर भरलेलं दप्तर असलं की तिची पावलं जमिनीवर नीट पडतात. घरातही काढू देत नाही. तिला मजा वाटते. म्हणते, एका उडीत पंख्याला हात लावून दाखवू का. नको म्हटलं.

२ एप्रिल
कपाटातून पत्रकच काढलं. फाडलं. जाळलं.
नऊ. बदल नाही. निदान कमी तरी —

३ एप्रिल, दुपार
काका धावत वर आले. मधलं येतंय, दोन्ही इंजिनं बंद. सत्तर जण आत. काका हसत होते. घाबरू नका म्हणाले, त्या विमानाला आजवर कधी —

दार लावून घेतलं. ढमीला मांडीवर बसवलं. दप्तर काढून ठेवलं, मला तिचंच वजन हवं होतं. हवंय. डाव्या हाताने घट्ट धरलीय, उजव्याने लिहितेय. लिहीत राहिले तर —

खिडकीतून दिसतंय. फार खाली आलंय. आवाज नाही. पड. पड ना मेल्या. पड —

टेकलं.
सरळ धावतंय. थांबलं. खाली टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ओरडतंय सगळे सुखरूप, सगळे —

ढमी मान वर करून माझ्याकडे बघतेय. हसतेय. मला दिसतेय ती. हात तिच्याभोवतीच आहे. दिसतेय, पण मांडीला —