आत्याबाईंचं खातं

सोलापूर
९ जुलै २०२५

प्रिय आत्याबाई,

आधी तुमच्या पाया पडते. तुमच्या शेजारच्या शिवबाईंबरोबर पाठवलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांनी एसटी स्टँडवर माझ्या हातात दिली. तुमची नात चटणी नुसतीच खाते आणि मग पाणी पाणी करत नाचते. शांभवीचा पुढचा दात पडलाय.

तुम्ही शिवबाईंना विचारलंत म्हणे, "पोरीचे फोटो यायचे का थांबले? काव्याचं मशीन बिघडलं का?"

मशीन बरं आहे. कपाटावर ठेवलेला जुना लॅपटॉप, तोच आमचा घरचा सर्व्हर. मोठ्या कंपनीच्या ॲपवरून मी सगळं काढून त्यावर आणलं, तेव्हा तुम्ही हसला होतात. मी सांगितलं होतं, इथं सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो. ज्याची त्याची चूल, आणि वाटीभर आमटी कुणाच्या घरी पाठवायची ते आपण ठरवायचं. मैत्रिणी आपापल्या सर्व्हरवर आहेत, तरी इथूनच त्यांच्याशी बोलता येतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग माझ्याकडं रोज वाटी पाठव." म्हणून माझ्यानंतर पहिलं खातं तुमचं काढलं. शांभवीचे फोटो फक्त तुम्हालाच दिसायचे.

गुडघा कसा आहे? तेल चोळता ना?

मी टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमचं खातं मी बंद केलं. मागच्या आठवड्यात मल्लिनाथ शांभवीच्या शाळेच्या फाटकाशी आले होते. शाळेचं नाव मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. नव्या गणवेशातला फोटो फक्त तुमच्याकडे होता, आणि खिशावर शाळेचं नाव शिवलेलं. ते मी झाकायला हवं होतं. शांभवी "पप्पा!" म्हणून धावली. त्यांनी तिला उचललं आणि विचारलं, "घर कुठाय तुमचं? दाखव की." ती म्हणाली, "आईला विचारून सांगते." तेवढ्यात तिच्या बाई आल्या, तसे ते निघून गेले. आता शाळेत सांगून ठेवलंय.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "सांगू का गं पप्पांना?"

मी तुमच्या घरात नांदत होते, तेव्हा माझा प्रत्येक मेसेज त्यांच्या फोनवर उघडायचा. मी माहेरी काय बोलले, ते जेवताना तेच मला ऐकवायचे. तुम्ही वाढत असायचात. कधी बोलला नाहीत. पण मी निघाले, तेव्हा बॅग दारापर्यंत तुम्हीच आणलीत. म्हणून तुमच्यावर रागावता येत नाही, आणि खातं पुन्हा उघडायचा धीरही होत नाही.

नात तुम्हाला दिसायला हवी. तुम्ही म्हणालात तर घराचा पत्ता शिवबाईंजवळ सांगते. ठरवायचं तुम्ही.

अजून तुमचीच,
काव्या


अक्कलकोट
१४ जुलै

काव्या, माझ्या पोरी,

फोन म्याच दिला त्याच्या हातात. "आई, पोरीचा एक फोटू बघू दे की," म्हनला आन् रडला. बाप हाय, म्हनून दिला. त्यो त्यातनं शाळा हुडकंल, हे ध्यानातच आलं न्हाय.

खातं बंद केलंस, लई ब्येस केलंस. आता उघडून देऊ नको. पत्ता शिवबाईला बी सांगू नको, मला तर न्हाईच. त्यो परत म्होरं बसून रडला, तर माझं काळीज पाघळंल आन् मी सांगून टाकीन. लेक हाय माझा. मला ठाऊकच नसंल, तर तोंडातनं जायाचं कसं?

श्रावणातल्या पयल्या सोमवारी मी शिवबाईसंगं सिद्धेश्वराच्या देवळात येते. तू पोरीला घेऊन ये. तिला पोटभर बघते. मग तुमी आदी निघा. मी देवाकडं तोंड करून बसंन. तुमी कुटल्या वाटंनं गेला, ते वळून बघायची न्हाय.

तुजी, पत्ता ठाऊक नसलेली,
निंगव्वा