वांग्यांच्या वाफ्यातली तंबाखू

माय, तुझी तंबाखू माझ्या घरामागं उगवली आहे. इथं बुलढाण्यात, घाटावर, जिथल्या थंड हवेत पानाला दमच येत नाही असं तू म्हणायचीस. पावसाळा सरता सरता वांग्यांच्या वाफ्यात चार-दोन अनोळखी रोपं दिसली, तेव्हा मी त्यांना तण समजले आणि उपटायचा कंटाळा केला. दिवाळीपर्यंत ती गुडघ्याला लागली. एका सकाळी वांगी तोडताना पानाला हात घासला, बोटं चिकट झाली, आणि मी तिथंच उभी राहिले. रुंद पान, अंगावर बारीक लव, दांड्याला धरून बसलेलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. खरं तर ते पान पाहून मला पहिल्यांदा तुझी आठवण यायला हवी होती. ती नाही आली. पहिला विचार आला तो हा, की हे तुझ्या जावयांनी लावलं.

तुला माझा राग येईल, कारण तुझा जावयांवर फार जीव. ते घरी आले की चहाच्या आधी तू त्यांच्या तळहातावर घरची तंबाखू ठेवायचीस, आणि ती मळून ते बार भरेपर्यंत तोंडाकडे बघत उभी राहायचीस. कोर्टात कारकुनी करता करता जन्मभर त्यांनी ती सवय जपली. मग निवृत्तीनंतर त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण तंबाखू आजपासून बंद, आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं. यांनी चुन्याची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, फेकून दे. मी फेकली. तेव्हापासून मी या घरात बायको कमी आणि फौजदार जास्त आहे. शर्टाचे खिसे धुण्याआधी उलटे करते, अंगठ्याच्या नखात चुना आहे का बघते, बाहेरून आले की काहीतरी निमित्त काढून तोंडाजवळ जाते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि तुझ्या आजारपणात मी चांगलीच पोळले आहे.

संशय घ्यायला तूच शिकवलंस, हेही सांगून टाकते. धामणगाव बढ्याच्या बाजारात तू वांगं उचललंस तर आधी त्याचा देठ हुंगायचीस, भाव नंतर विचारायचीस. दूधवाल्याचं दूध, शेजारणीचं विरजण, सरपंचाचं बोलणं, सगळ्यात तुला पाणी दिसायचं. पण सगळ्यात मोठा संशय तंबाखूच्या पुडीवर. तिच्यात रंग घालतात, वाळलेला पाला चुरतात, आणखी काय काय घालतात म्हणून तू ती दारातही येऊ दिली नाहीस. न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं, परसात, तू स्वतःची तंबाखू लावलीस. गावात बायकांनी मिरची लावावी, भेंडी लावावी, आणि माझ्या मायनं तंबाखू लावावी! शाळेतल्या मुली मला त्यावरून चिडवायच्या आणि मी घरी येऊन तुझ्याशी भांडायचे.

बाजारात तंबाखूचं पान विकणारे एक चाचा होते, आठवतात ना. पांढरी दाढी, पोत्यावर मांडलेल्या पानांच्या जुड्या, आणि गिऱ्हाईक नसलं की मला बोलावून हातावर शेंगदाणे ठेवायची सवय. तू त्यांच्याकडून कधीच काही घेतलं नाहीस, पण त्यांच्यासमोर उभं राहून पान बोटांनी चुरून बघायचीस आणि नाक मुरडायचीस. एकदा तू त्यांना विचारलंस की चाचा, तुम्ही स्वतः कोणतं पान खाता. ते हसले आणि म्हणाले, "मी इकतो बाई, खात नाही. माह्या अब्बाचं तोंड गेलं यानं." तू मान हलवलीस, मला दंडाला धरून पुढं ओढलंस, आणि दोन दुकानं मागं पडल्यावर म्हणालीस, "पाह्यलं? जो सोता खात नाही, त्याच्या मालात खोट हाय." माणूस तुला तुझं मरण सांगत होता, आणि तू त्याच्या मालातली भेसळ शोधत होतीस. हे मला त्या दिवशी कळायचं कारण नव्हतं. आज कळतं आणि फार राग येतो.

आणि तरी तुझं ते काम बघत राहावं असं असायचं. बी इतकं बारीक की चिमटीत धरलं तर वाऱ्यानं उडावं. म्हणून तू ते चाळलेल्या राखेत कालवायचीस, म्हणजे ते वाफ्यावर सारखं पडतं आणि पडलेलं दिसतं. ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं, आणि मग ओल्या पोत्यानं झाकायचं. पाऊस उघडला की रोपं काढून लावायची. झाडाला कळी आली की शेंडा खुडायचा, बगलेतून फुटलेले कोंब काढत राहायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. बियासाठी एकच झाड फुलू द्यायचं. मी एकदा त्या गुलाबी फुलांचा गजरा करायला निघाले तर तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की दोन दिवस पाठ टेकवत नव्हती. हिवाळ्यात पानं पिवळी पडली की सुतळीत ओवून तू ती चुलीच्या वर आढ्याला टांगायचीस, आणि त्यांच्यावर गुळाचं पाणी शिंपडायचीस. माझ्या शाळेच्या कपड्यांनाही तो वास यायचा.

मी शिक्षिका झाले, चार पुस्तकं वाचली, आणि सुट्टीत आले की तुला सांगायचे की हे सोड. तू भाकरी थापत असायचीस. हात न थांबवता एकच उत्तर यायचं, "घरचं हाय ते. घरचं कदी बाधते का?" मग हिरडीवर फोड आली. तू ती पदरानं झाकून कितीतरी महिने काढलेस, आणि शेवटी मी तुला बुलढाण्याला आणलं तेव्हा डॉक्टर बोलून बाहेर जातात न जातात तोच म्हणालीस की याचं त्या औषधवाल्याशी साटंलोटं असणार. शेवटी तुला पाणीही गिळवेना. तरी तुझा संशय डॉक्टरवर होता, सलाईनच्या बाटलीवर होता, माझ्या वहिनीनं केलेल्या पेजेवर होता. परसातल्या त्या झाडावर तो एकदाही गेला नाही. तुझ्यानंतर भावानं ती जागा साफ करून तिथं गोबरगॅसची टाकी बांधली, आणि मला बरं वाटलं.

म्हणून सांगते, माझ्या वाफ्यात ते पान दिसल्यावर मी यांना सरळ विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. मी आधी तपास केला. शेजारचे एक गृहस्थ भिंतीवरून आमच्या बाजूला थुंकतात, त्यांच्याकडून बी आलं असेल म्हणून त्यांच्या बायकोला आडून विचारलं. ती चिडली आणि अजून धड बोलत नाही. वाफा खणायला आलेल्या गड्याला खोदून विचारलं, तो बिचारा म्हणाला की बाई, मी वांग्याशिवाय काही पाहिलंच नाही. मग रोज संध्याकाळी झाडांभोवतीची माती सारखी करून ठेवायला लागले, म्हणजे सकाळी पावलं दिसतील. पावलं दिसली ती माझ्याच चपलेची.

पण यांचं वागणं बदललं होतं, हे तर मी डोळ्यांनी बघत होते. मागच्या पायरीवर कोवळ्या उन्हात बसून पेपर वाचायची यांची सवय. ती खुर्ची आता पुढच्या दारात गेली. झाडांना पाणी घालायचं काम यांचं, ते गुडघ्याचं कारण सांगून माझ्यावर टाकलं. वांगी आणता का म्हटलं तर म्हणायचे, बाजारातून आणतो. स्वतःच्या घरची वांगी सोडून बाजारात जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय याची मला खात्री पटली. तोंड दाखवायला जायची तारीख जवळ येत होती, आणि मला दिसत होता तू शेवटी पडून होतीस तो पलंग. मी पुन्हा तसं काही बघू शकणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी एका दुपारी जेवताना माझा धीर सुटला. यांच्या ताटात भाजी वाढता वाढता विचारलं की मागं ते कधी लावलं, आणि वाळवून ठेवायचं कुठं ठरलं आहे. यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चोरलं आहे.

"मले वाटलं तुनंच लावलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मी काऊन लावीन?"

"मले पारखाले. म्हनलं, पाहून राह्यली बाई, बुढा हात लावते का नाही." मग म्हणाले, "मी पान पाह्यल्याबरोबर वळखलं. तिकडं गेलो की तोंडाले पानी सुटते, म्हनून मी तिकडं फिरकलोच नाही. पन तू अशी पारख घेशीन असं नव्हतं वाटलं."

ते जेवण तसंच राहिलं. मी किती वेळा सांगितलं की मी लावलं नाही, आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. माझा आजवरचा लौकिक असा की मी असं काही केलं असेल हे कुणालाही पटावं. मग यांनीच, कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं शांतपणे विचारलं की त्या वाफ्यात यंदा नवीन काय टाकलं होतं. मी म्हटलं, शेणखत टाकलं, आणि वांग्यावर माव्याची कीड पडली होती म्हणून राख भुरभुरली. कोणती राख? आपल्याकडे तर चूल नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आला तो तुझा पत्र्याचा डबा. उन्हाळ्यात वहिनीनं माळा साफ करायला काढला, तेव्हा तिनं मला विचारलं होतं की आत्याबाईंचा हा राखेचा डबा टाकून देऊ का. टाकू नको म्हणून मी तो हौसेनं घेऊन आले. चाळलेली, मऊ राख. मायच्या चुलीची म्हणून जपून वापरली. राखेत तू काय कालवायचीस हे लहानपणापासून पाहिलेली मी, तुझीच लेक, आणि ते मला आठवू नये. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साऱ्या आळीवर संशय घेऊन झाला, आणि पेरणी माझ्या हातची.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मला मात्र रडू आलं, आणि ते लाजेचं नव्हतं, रागाचं होतं. माय, मी तुझ्यावर रागावले आहे. इतकी वर्षं मी तो राग डॉक्टरवर, बाजारावर, सरतेशेवटी या माणसावर काढला, कारण मेलेल्या आईवर रागावू नये असं आपल्यात म्हणतात. तू दुनियेवर अविश्वास दाखवलास आणि जे तुला खात होतं त्याला रोज पाणी घातलंस. मी थोडी अक्कल वापरली असती तर तुझ्यासारखीच झाले नसते. इथं एक माणूस गुपचूप आपल्या जिभेशी झुंजत होता, त्याला पाठीवर थाप हवी होती, आणि मी त्याच्या मागं मातीत पावलं शोधत होते.

मी विळा घेऊन मागं निघाले तर यांनी अडवलं. म्हणाले, "राहू दे. तुह्या मायच्या हातचं बी हाय, आता कुठं भेटते. फूल येऊ दे त्याले. मी नाही हात लावत." मी विळा हातात धरून उभी राहिले. झाडं कापली असती तर त्याचा अर्थ काय झाला असता, हे मलाही कळत होतं आणि यांनाही. मी विळा खाली ठेवला. म्हटलं, "माहा भरोसा हाय तुमच्यावर." इतकं सोपं वाक्य, आणि संसाराच्या एवढ्या वर्षांत ते मी पहिल्यांदा म्हटलं असेन. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तोंड तपासलं. म्हणाले, चट्टा कमी झाला आहे, असंच राहा. रस्त्यात मी यांचा हात धरला, चार लोकांदेखत.

हे पत्र तुला पोचणार नाही ते नाहीच, पण घरातही मी ते ठेवणार नाही, कारण पुढचं यांच्या वाचण्यात यायला नको. मी रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन मागं जाते आणि झाडांची पानं मोजते. हळूच, खालून वर, ओठ न हलवता. अजून एकही पान कमी झालेलं नाही. आज मोजत होते तेव्हा मागं चाहूल लागली. हे दारात उभे होते, अंगावर शाल घेऊन. काय करतेस म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "बरोबर हायेत ना?" मी हो म्हटलं. ते आत गेले, आणि मी पुन्हा पहिल्या झाडापासून मोजायला लागले.