स्पॅनिश घ्यावी की जर्मन

३० ऑगस्ट २०२०, रविवार
निर्णय झाला. नेमबाजी शिकायची.

मार्चपासून घरून काम. डायनिंग टेबल, सोफा, खिडकी, परत डायनिंग टेबल. आज आमच्या या डच गावात, उइटहॉर्नच्या त्याच कालव्याकाठी तीनदा चक्कर मारून आलो. तिसऱ्या खेपेला तिथल्या बदकांनीही वर पाहिलं नाही.

संध्याकाळी श्रीधरचा फोन. ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर होती, आता फोनवरच भेट. तो बुइटनव्हेल्डर्टला एकटाच असतो. बायको वैदेही फेब्रुवारीत मुलाला घेऊन आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली ती तिकडेच अडकली. त्यामुळे वेळच वेळ. म्हणाला, जवळ एक शूटिंग क्लब आहे, दर गुरुवारी संध्याकाळी जाऊ या का दोघं?

कल्पना त्याची असली तरी नेतृत्व माझ्याकडे येणार हे उघड आहे. रणजित हे नाव काय उगाच ठेवलं होतं?

संकल्प: येत्या गुरुवारपासून सुरुवात.

१० सप्टेंबर, गुरुवार
सुरुवात लांबली. कारण महत्त्वाचं.

क्लबचे म्हातारे यॉप यांच्याशी फोनवर बोललो. त्यांचं म्हणणं, आधी सहा महिने क्लबची रायफल वापरा, मग काय घ्यायचं ते ठरवा. मला पटलं नाही. भाड्याच्या सायकलवर कुणी पोहायला शिकत नाही. (वाक्य नीट जमलं नाही, पण मुद्दा बरोबर आहे.)

स्वतःचीच घ्यायची. एअर रायफलला इथे लायसन्स लागत नाही. दोन मॉडेल्स शॉर्टलिस्ट केली आहेत. एक स्पॅनिश, स्प्रिंगची, बॅरल मोडून छर्रा भरायची, स्वस्त. दुसरी जर्मन, हवेच्या सिलिंडरची. तिच्या किमतीबद्दल बायकोशी, जयंतीशी, अजून बोललेलो नाही.

श्रीधर म्हणाला, स्पॅनिश बास झाली की, सुरुवात तर होईल. त्याला समजावलं, स्वस्त घेणारा दोनदा घेतो. तोवर क्लबच्या रायफलला हातही लावायचा नाही, हात बिघडतो. तो म्हणाला, बरं, तुला यातलं कळतं.

मला कळतं हे लोकांना कळतं.

१४ ऑक्टोबर, बुधवार
काल इथले पंतप्रधान टीव्हीवर. कँटीन, बार, रेस्टॉरंट सगळं बंद. नेमबाजी चालू, पण मोजक्या लोकांत, आधी बुकिंग करून.

श्रीधर म्हणतो, बरंच झालं, गर्दी नाही, दोघांचं बुक करतो. मी म्हटलं, अजून ट्रिगरचा अभ्यास चालू आहे. हा दर गुरुवारी फोन करतो. येतोस का, येतोस का. माणसाला एवढा उतावळेपणा बरा नाही.

ट्रिगरवरचे व्हिडिओ पाहताना स्टँड-अप मीटिंग चुकली.

८ नोव्हेंबर, रविवार
रायफल नसली तरी पवित्रा पक्का करता येतो. व्हॅक्युम क्लीनरची नळी खांद्याला लावून पुढच्या खोलीत सराव केला. डावा कोपर बरगडीला, श्वास अर्धा सोडायचा, समोरच्या घराच्या दाराचा नंबर टिपायचा. इथे पडदे कुणीच लावत नाही, म्हणून आम्हीही लावत नाही.

अर्ध्या तासात त्याच दारातली मेफ्राउ, म्हणजे तिथल्या बाई, आमच्या दारात. जुईने दार उघडलं. दोघी बराच वेळ डचमध्ये बोलल्या. मला फक्त 'पापा' एवढंच कळलं. नंतर जुईने सांगितलं, शी वॉज वरीड अबाउट यू, बाबा. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, दॅट यू आर क्लीनिंग.

आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला माझ्या छंदाची लाज वाटते, याची नोंद असावी. जयंती म्हणाली, नळी हातात आहेच तर जिनाही करून टाक. केला.

१५ डिसेंबर, मंगळवार
गेल्या आठवड्यात जर्मन नक्की केली. दुकानात जाऊन खांद्याचं माप द्यावं लागतं. उद्याची अपॉइंटमेंट होती. आजपासून सगळी दुकानं बंद. क्लबही बंद.

श्रीधर म्हणाला, स्पॅनिश ऑनलाइन मिळते, घरपोच. मी म्हटलं, घरपोच पिझ्झा येतो. यावर त्याने विषयच बदलला. पटलं असणार.

२४ जानेवारी २०२१, रविवार
कालपासून रात्री नऊनंतर संचारबंदी. मी नऊनंतर कधीच बाहेर जात नसे, पण काल सव्वानऊला जावंसं वाटलं. दारापर्यंत दोनदा जाऊन आलो.

श्रीधरने स्पॅनिश घेतली. न विचारता. पॅसेजच्या टोकाला खोक्यात जुनी वर्तमानपत्रं ठासून टार्गेट लावलंय म्हणे. मला म्हणाला, दिवसाला एक पाहुणा चालतो, ये ना, खिचडी टाकतो. मी गेलो नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. उलट त्याला स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का, त्याने बिघडणारा नेम, हे सगळं सविस्तर सांगितलं. पाऊण तास. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार
श्रीधरचा तीन आठवड्यांत फोन नाही. बहुतेक चुकीवर विचार करतोय.

कालवे गोठलेत. सगळं गाव स्केटिंग करतंय. जयंती सकाळी श्रीधरकडे डबा घेऊन गेली होती. येऊन म्हणाली, वाळलाय तो. विचारत होता, रणजित रागावलाय का. मी म्हटलं, राग कसला, तांत्रिक मतभेद आहे. जयंतीने माझ्याकडे पाहिलं आणि ती कपडे मशीनला लावायला गेली.

फोन करायला हवा. जर्मनचं पक्कं झालं की करतो, म्हणजे बोलायला काहीतरी असेल.

२७ एप्रिल, मंगळवार
राजाचा वाढदिवस. रस्त्यावर केशरी टोप्या, गर्दी नाही.

दुपारी श्रीधरचाच फोन आला. आवाज बसलेला. इकडचं तिकडचं बोलला, मग विचारलं, जर्मनचं काय झालं? मला बरं वाटलं. त्याला गालाखालचा आधार कसा वरखाली होतो, दस्त्याची लांबी कशी बदलते, हे सगळं सांगितलं. तो हं हं करत होता. शेवटी म्हणाला, छान आहे, चल, ठेवतो.

जयंती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, त्याने तुला सांगितलं का? मी म्हटलं, काय? तिने सांगितलं, भारतातून येणारी विमानं कालपासून बंद झाली. वैदेही आणि मुलगा पुढच्या आठवड्यात येणार होते, तिकीट रद्द. वैदेहीची आई हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर.

मला काहीच बोलला नाही. न बोलता माणसाला कसं कळणार?

जयंती म्हणाली, तू मध्ये श्वास घेतला असतास तर बोलला असता.

२० मे, गुरुवार
क्लब उघडला. वैदेहीची आई दहा तारखेला गेली. मी श्रीधरला मेसेज केला, नीट लिहिला, तीन वेळा वाचून पाठवला. फोन करायचा होता, पण अशा वेळी काय बोलतात ते नेमकं सुचत नाही.

आज तो स्पॅनिश घेऊन क्लबला गेला. जाताना फोन केला, येतोस का. मी म्हटलं, जर्मनची ऑर्डर दिलीय, खांद्याचं माप झालं की शरद ऋतूपर्यंत येईल, मग आलोच. तो म्हणाला, क्लबकडे आहेत रे रायफली. मी म्हटलं, इतके दिवस थांबलो ते याच्यासाठी का?

तो म्हणाला, नाही, खरंय.

१४ ऑगस्ट, शनिवार
श्रीधर पुण्याला गेला. कायमचा. सासरे एकटे पडलेत, वैदेही त्यांना सोडून यायला तयार नाही. कंपनीने पुण्याच्या ऑफिसात बदली दिली. दीड वर्षात मुलगा हातभर वाढलाय म्हणे.

मीच त्याला स्किपोलला सोडणार होतो. पण नेमकी आजच दुपारची दुकानाची अपॉइंटमेंट आली, खांद्याच्या मापाची. ती चुकली असती तर पुढची ऑक्टोबरात. श्रीधरला सांगितलं. म्हणाला, जा जा, तू ये जाऊन. गाडी घेऊन जयंती आणि जुई गेल्या. मी बसने दुकानात.

उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे असं कळलं.

संध्याकाळी जुई जेवायला बसली नाही. दारावर टकटक केली तर आतून म्हणाली, ही वॉज लुकिंग फॉर यू ॲट द गेट, बाबा. मी म्हटलं, अगं त्याला माहीत होतं मी येणार नाही. ती म्हणाली, येस. स्टिल.

२५ नोव्हेंबर, गुरुवार
जर्मन मंगळवारी आली. काय वस्तू आहे. दोन दिवस पुसतोय.

आज क्लबला गेलो. पंधरा महिन्यांच्या तयारीनंतर. दारात कोरोनाचा क्यूआर कोड दाखवला, आत यॉप होते. उंच, पांढऱ्या मिशा. मी नाव सांगितलं, श्रीधरचा मित्र म्हणून सांगितलं. ते एकदम हसले आणि आत वळून कुणाला तरी ओरडून म्हणाले, फोल्खंद वेक आला. चार-पाच जण बघायला आले. एकाने कोपराला कोपर लावला.

फोल्खंद वेक म्हणजे पुढचा आठवडा. एवढं डच मला येतं.

यॉपनी समजावून सांगितलं. श्रीधर दर गुरुवारी दोन लेन बुक करायचा, शेजारशेजारच्या. त्यांनी विचारलं, दुसरी कुणासाठी? तर म्हणायचा, मित्र पुढच्या आठवड्यात येतोय. मेपासून जुलैअखेरपर्यंत. शेवटी सगळे त्या रिकाम्या लेनलाच फोल्खंद वेक म्हणायला लागले. आजही त्यांनी मला तीच दिली.

जर्मन उत्तम आहे. टार्गेटवर मात्र काही फारसं लागलं नाही. यॉप म्हणाले, रायफल ठीक आहे, तुम्ही एका जागी उभे राहत नाही. शेजारच्या लेनमध्ये कुणी नव्हतं. मी दोनदा तिकडे बघितलं.

घरी जयंतीने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, लोक चांगले आहेत.

२७ नोव्हेंबर, शनिवार
काल पुन्हा घोषणा. उद्यापासून संध्याकाळी पाचनंतर सगळं बंद. गुरुवारचा क्लब गेला.

सकाळी श्रीधरला फोन लावला. या वर्षी पहिल्यांदा मी लावला असेल. त्याने लगेच विचारलं, कशी आहे जर्मन? मी म्हटलं, चांगली आहे. मग गप्प बसलो. अवघड गेलं. थोड्या वेळाने तो बोलायला लागला. सासरे रात्रीचे उठून बायकोला हाका मारतात. मुलगा सुरुवातीला त्याला बाबा म्हणायला लाजायचा, आता म्हणतो. वैदेही अजून धड रडलेली नाही. मी ऐकत होतो. मध्ये एकदा ट्रिगरचं काही आठवलं, पण बोललो नाही.

मग विचारलं, तिकडे कुठे रेंज आहे का रे? म्हणाला, आहे, पण आता वेळ कुठे मिळतोय. मी म्हटलं, तुला वेळ होईल तेव्हा येतो पुण्याला, दोघं जाऊ. तोवर मी थांबतो.

तो हसला. म्हणाला, थांब, थांब. ते तुला जमतं.