खिळ्याच्या भोकातला सूर्य

२० ऑक्टोबर १९९५

आबांनी आज बाँबच टाकला — "सुट्टी संपली की लातूरला जायचं न्हाई. अकरावी इथंच कर." इथं! इथं सायन्स आहे कुठं? तर म्हणे मंगळवारी ग्रहण, आणि ग्रहणात किल्लारीपेक्षा मोठा भूकंप होणार अशी गावभर बोंब. माझी लातूरची खोली दुसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब. दोन वर्षांपूर्वी भूकंपात छत कोसळून दादा गेला, तेव्हापासून आबा पक्क्या छताखाली पाऊल टाकत नाहीत. एस.टी. स्टँडवरसुद्धा उन्हात उभे राहतात. मला त्यांचा राग येतो आणि रडूही येतं.

२१ ऑक्टोबर

आबा अडाणी असते तर सोपं होतं. विहारात अंधश्रद्धेवर भाषण ठोकणारा माणूस! आज म्हणाले, "ग्रहण-बिग्रहण मी मानत न्हाई, बुद्धप्रिया. पण चंद्र समुद्राला ओढतो, तूच सांगितलंस ना? मग जमिनीला का न्हाई ओढनार? आन् भूकंप झाला तवा पौर्णिमाच तोंडावर होती!"

मी भूगोलाचं पुस्तक काढून बसले. प्रश्न लई भारी होता.

२२ ऑक्टोबर

सापडलं! चंद्र जमिनीलाही ओढतो. पण दर अमावस्येला तो सूर्याच्याच बाजूला असतो की! एरवी जरा वरून नाहीतर खालून जातो, म्हणून त्याची सावली आपल्याला चुकते. मंगळवारी नेमका आडवा येणार, एवढंच; ओढ तीच. दोन वर्षांत किती अमावस्या-पौर्णिमा गेल्या, गाव जागेवरच आहे. ग्रहणाची वेळ मिनिटासकट सांगता येते. भूकंपाची तारीख कुणालाच सांगता येत नाही — बोंब मारणाऱ्यांना तर नाहीच!

आबा म्हणाले, "पुस्तकातलं नगं सांगू. दाखव."

दाखवते! भूकंपानंतर राहायला मिळालेल्या आमच्या शेडच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. एखादं चौकोनी, एखादं फाटकं. पण सकाळी समोर टांगलेल्या आबांच्या धोतरावर कवडसे पडतात ते सगळे गोल. का? कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे! मी पैज लावली — ग्रहणात सगळे कवडसे चावा घेतलेल्या भाकरीसारखे दिसतील. दिसले तर मी लातूरला. आबा म्हणाले, "हाव."

२३ ऑक्टोबर

ढग आले तर? नको रे बाबा!

२४ ऑक्टोबर

जिंकले!!

सकाळपासून गावाची गंमत. ग्रहणाला घरात बसायचं, भूकंपाला बाहेर पळायचं — मग सगळे दारातच! एक पाय आत, एक बाहेर. आबांनी रोजच्यासारखी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली. जमीन हलली की ती पडणार आणि आम्ही पळणार.

हळूहळू कवडशांची एक कड गेली. मग निम्मे. अख्ख्या धोतरावर सूर्याच्या कोरीच कोरी! आबा जवळ गेले, कवडशात हात धरला. तळहातावर कोर. "आगं... ह्यो सूर्य हाय?" "हाव आबा, सूर्य!"

आणि तेवढ्यात खणखणखण! उतरंड कोसळली. आबांनी मला बखोटीला धरून बाहेर ओढलं. आवाज ऐकून अख्खी गल्ली बाहेर! मी ओरडतेय, "वर सूर्याकडं बघू नका!" आत बघतो तर शेजारची नागुबाई आजी पेला धरून उभी. ग्रहणात पाण्याला शिवू नका म्हणून पहाटेपासून आमचं डोकं खाणारी आजी! तहान लागली म्हणून मधलाच पेला ओढला होता!

आबा हसले. पोट धरून. दादा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. सगळी गल्ली ग्रहणात उघड्यावर उभी, आणि जमीन तसूभर हलली नाही. मला तर नाचावंसं वाटलं. नाचलेच थोडी!

५ नोव्हेंबर, लातूर

आबा ट्रंक घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले. वाटलं, इथूनच परत फिरतील. आत आले. कॉटवर टेकले, स्लॅबकडे बघत राहिले. मी चहा आणायला खाली गेले.

येऊन बघते तर — घोरतायत! चहा गार झाला तरी चालेल. मी नाही उठवणार.