मुदतीबाहेरचा कोट

४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी रागावून घे, मग वाच. अण्णांचं शिंपीकामाचं दुकान खाली करून घ्यायला घरमालकाने दावा लावलाय आणि मी वकील न करता स्वतःच लढतोय, हे तुला ठाऊक आहे. माझं लेखी उत्तर कोर्टात द्यायची तारीख होती, आणि मी आठवड्याने आरामात घेऊन गेलो. कारकून म्हणाला, मुदत संपली.

अण्णांनी गिऱ्हाइकाला दिलेली तारीख म्हणजे त्या दिवसापासून चौकशीला या, एवढंच असायचं. कोर्टाचंही तसंच असेल असं धरून चाललो. आता न्यायाधीशबाईंनी उशीर माफ केला नाही, तर माझी बाजू ऐकलीच जाणार नाही आणि दुकान जाईल. अण्णांचं कापायचं टेबल तर आतच बनवलेलं. ते दारातून निघतही नाही.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आधी हसले, मग जेवण गेलं नाही. त्या टेबलाखाली चिंध्यांत बसून आपण गिऱ्हाइकांच्या चपला ओळखायचो आणि वर अण्णा प्रत्येकाला उद्या नक्की म्हणायचे. फार आठवतं रे.

बाईंना खरं तेच सांग. तापाचं निमित्त करू नकोस, खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. आणि अण्णांनी जाण्याआधी कापून ठेवलेला, तू अजून न शिवलेला माझा कोट? त्याबद्दल मात्र कोर्टात अवाक्षर काढू नकोस.

काळजीत,
ताई

२५ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उशीर माफ झाला. मालकाचा वकील म्हणाला, कायदा सगळ्यांना सारखाच. त्याचंही खरं आहे. त्याचा काळा कोट मीच शिवलाय, आणि तोही उशिराच. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वकील नसलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, म्हणून एवढ्या वेळेला चालवून घेते, पुढच्या वेळी नाही. उत्तर दाखल झालं. निकाल काय लागेल तो लागो, माझं ऐकणार तरी आहेत.

घरी आलो आणि तुझा कोट काढला. आळसाने राहिला नव्हता गं. कापडावर अण्णांच्या खडूच्या रेघा होत्या. शिवून इस्त्री केली की त्या गेल्या असत्या, आणि माझा हात पुढे होत नव्हता. पण तूही किती वर्षं चालवून घ्यायचंस?

शेवटी शिवला, सोबत पाठवला आहे. डाव्या खिशाच्या आत अस्तर मुद्दाम उघडं ठेवलंय. तिथे अण्णांची एक रेघ आहे. झटकू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा