हळद लागलेलं पिस्तूल

२८ सप्टें., रवि.
ठाण्याच्या रेंजवर सरांनी आज स्पष्टच सांगितलं, "मेधाताई, संघात तिसरी जागा तुमची होऊ शकते. पण पिस्तूल एकच ठरवा. बारा तारखेला फॉर्म." माझं एअर पिस्तूल धातूच्या सांगाड्याचं (इथून पुढे धा.). रेंजवरच्या मैत्रिणीने, शलाकाने, तिचं पॉलिमरचं पंधरा दिवस वापरून बघायला दिलंय (पॉ.). फिकट राखाडी, इतकं हलकं की हातात घेतल्यावर वाटतं, काहीतरी घरीच राहिलं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी संघात! स्कूटरवर गात आले. हेल्मेट होतं म्हणून बरं.

३० सप्टें., मंगळ.
धा. : पुढून जड, त्यामुळे नेम स्थिर. चाळीस छर्ऱ्यांनंतर मात्र खांदा बोलू लागतो.
पॉ. : हात शेवटपर्यंत ताजा, पण ट्रिगर दाबताना टोक भिरभिरतं. तीन गुण कमी.
पण त्याआधी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास ब्रेक दाबून बोटं आखडलेली. ही तुलना न्याय्य नाही. खोडली.
आप्पांना विचारण्यात अर्थ नव्हता, तरी विचारलं. सासरे माझे, आयुष्य टूलरूममध्ये लेथवर गेलेलं. "प्लास्टिकची बादली करावी. फार तर आंघोळीचा मग."
"आप्पा, माझा पगार प्लास्टिकवरच येतो."
"म्हणून तर मोजकं बोललो."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
आप्पांनी पाटावर मांडणी केली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, स्कूटरची किल्ली. मग म्हणाले, "तुझी दोन्ही शस्त्रं आण. यंदा तू पूज." (रिकामी आहेत हे दोनदा तपासलं.) एवढं बरं वाटलं, की ओल्या हळदीचं बोट दोन्हींवर ओढलं. वर कुंकू, झेंडू. दिवसभर तशीच पाटावर.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
धा. ओल्या फडक्याने पुसलं. लख्ख.
पॉ. पिवळं. नेमकं अंगठा टेकतो तिथे. साबण, सोडा, लिंबू. ढिम्म.
आमच्या कारखान्यात डब्यांची झाकणं होतात. प्रत्येक लॉटच्या झाकणाला हळदीचं तेल लावून डाग तपासतो आम्ही. ती चाचणी लिहून काढली कोणी? मी.
आधी हसू आलं, मग आठवलं, वस्तू दुसऱ्याची. शलाकाला फोनवर सोनं दिलं, डागाचं मात्र सांगितलं नाही. सणाचा मूड जायला नको म्हणून. (खरं कारण हे नाही.)

४ ऑक्टो., शनि.
सांगितलं. सगळं, एका दमात. मग शलाका हसतच सुटली. "अगं, हळद लागली त्याला! आता माहेरी परत कसं पाठवतेस? नांदू दे सासरीच."
मी म्हटलं, डाग काढून देते.
"आधी ठरव तरी, हवंय का नकोय ते."
भरपाई म्हणून पॉ. निवडेन का मी? लक्ष ठेवायला हवं.

५ ऑक्टो., रवि.
झाकणांचा डाग उन्हात उतरतो, मग याचा का नाही? हवेचं सिलिंडर काढलं, सांगाडा सुपात ठेवून सूप गॅलरीत. मी शेजारी स्टुलावर पहाऱ्याला. समोरच्या गॅलरीतून गोडबोलेकाकू : "मेधा, काय वाळवतेस गं? पिस्तूल?"
"हळद उतरवतेय, काकू."
"अगंबाई! लग्न मोडलं?"
तासाभरात निम्मा मजला चहाला आमच्याकडे. प्रत्येकाने हातात धरून पाहिलं. सगळ्यांना पॉ. आवडलं. आप्पा आत जाऊन बसले.

८ ऑक्टो., बुध.
आप्पा कल्याणला जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलेले. येताना रुमालात काहीतरी. पितळेची छोटी नळी, कडा गोल केलेल्या, पॉ.च्या नळीखाली बसेल अशी. कधी माप घेतलं, देव जाणे.
"दोघांचं वजन वेगळं, तर तुलना कसली? एका वेळी एकच गोष्ट बदलायची."
"आप्पा, म्हणजे प्लास्टिकसाठी तुम्ही..."
"प्लास्टिकसाठी नाही. चाचणीसाठी."
आधी सरांना दाखवायला हवं, नियमात बसतं का.

१० ऑक्टो., शुक्र.
बसतं. वजन काट्यावरही पाहिलं, दोन्ही जवळपास सारखी. आधी पॉ., मग धा. भिरभिर बंद! पॉ. चार गुणांनी पुढे.
पण धा.ला दमलेला हात मिळाला. उद्या उलट क्रम.

११ ऑक्टो., शनि.
उलट क्रम. पॉ. एका गुणाने पुढे. एक गुण म्हणजे काय? एक श्वास इकडेतिकडे. सहा वर्षं धा.ने साथ दिली, तेही मोजायचं का? आणि पॉ. हातात असताना मला मजा येते, ती कुठल्या रकान्यात लिहू?
डाग बराच उतरलाय. लग्नानंतर आठ दिवसांनी नवरीच्या नखांवर राहते, तेवढीच हळद.

१२ ऑक्टो., रवि.
फॉर्म संध्याकाळी द्यायचा. सकाळी पेन्सिलने 'पॉ.' लिहिलं आणि खोडरबर बाजूला ठेवून आंघोळीला गेले. आले तर फॉर्म जागेवर, 'पॉ.' तसंच, खोडरबर गायब. आप्पा पेपरात डोकं घालून.
"आप्पा, खोडरबर पाहिलंत?"
"रबर-प्लास्टिक माझं खातं नाही."